विश्लेषण : घरातली जुनी नाणी-नोटा ऑनलाइन विकाव्यात का? विकायच्या तर कधी आणि कशा?

ट्रॅक्टर छापाची पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचे नाणे किंवा ७८६ क्रमांकाची नोट असेल तर घरबसल्या लाखो रुपये मिळतील, असे सांगणारे व्हिडीओ आणि संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात. वाशिम जिल्ह्यातील शेलूबाजारसारख्या बाजारगावात ते पोहोचतात, पण त्यांची शहानिशा करून देणारा नाण्यांचा जाणकार तिथे सहज भेटत नाही. त्यामुळे एकीकडे दोन रुपयांच्या नाण्यासाठी हजारो रुपये गमावण्याचा धोका असतो, तर दुसरीकडे खरोखर मोलाचा चांदीचा रुपया मोडीच्या भावात देऊन टाकण्याचा. चलनातून गेलेल्या किंवा टाकसाळीने काढणे बंद केलेल्या नाण्यांची किंमत कशी ठरते, ती कधी विकावीत आणि कायदा काय सांगतो, याविषयी…

जाहिरातींमागे नेमके काय असते?

या व्यवहारांची पद्धत बहुतेक वेळा सारखीच असते. संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नाण्याचे छायाचित्र मागवले जाते. काही वेळातच ते दुर्मीळ असल्याचे सांगून मोठी रक्कम कबूल केली जाते. नंतर नोंदणी शुल्क मागितले जाते. ते भरले की जीएसटी, मग विमा, मग रिझर्व्ह बँकेचे ‘ना हरकत’ प्रमाणपत्र अशी एकेक मागणी येते. प्रत्येक रक्कम कबूल केलेल्या लाखांपुढे किरकोळ वाटते आणि आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढची रक्कम भरत जातो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धिपत्रक काढून याबाबत सावध केले होते. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जात असल्याचे त्यात नमूद होते. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत पडत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि तिच्या वतीने ते घेण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले.

सोयाबीन किंवा तूर बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याला यातली खोच चटकन कळेल. व्यापारी माल पाहतो, बोली लावतो, वजन होते आणि पैसे विकणाऱ्याकडे येतात. माल घेण्याआधी व्यापाऱ्यानेच शेतकऱ्याकडे आगाऊ पैसे मागितले, तर तो सौदा कोणी पुढे नेणार नाही. नाण्यांनाही हीच कसोटी लागू आहे. विकणाऱ्याकडे आधी पैसे मागणारा हा खरेदीदार नसतो.

जुने म्हणजे महाग, असे का नाही?

वय हा किमतीचा एक भाग असतो आणि बऱ्याचदा तो सर्वांत लहान असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे वाचवण्यासाठी काढलेला भोकाचा पैसा ऐंशी वर्षांचा झाला, तरी तो प्रचंड संख्येने पाडला गेल्यामुळे आजही सहज मिळतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली, तेव्हापासूनच्या नव्या पैशांची गोष्ट तशीच आहे. २५ पैसे आणि त्याहून कमी किमतीची नाणी ३० जून २०११ पासून वैध चलन राहिली नाहीत. चलनातून बाद झाल्याने ती दुर्मीळ झाली नाहीत, कारण घराघरांत ती डब्यांतून पडून आहेत.

व्हायरल झालेल्या बहुतेक वस्तू तर अजून चलनातच आहेत. पाच रुपयांची ट्रॅक्टरची नोट आजही वैध आहे. श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ मध्ये आलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी वापरातून फिरली. छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा असलेले १९९९ चे दोन रुपयांचे नाणेही अनेकांकडे आहे. अशा वस्तूंना संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा थोडे अधिक देतो, तेही नाणे कोरे करकरीत असेल तर.

‘दहा पट भाव’ हे शब्दही तपासून घ्यावे लागतात. एक रुपयाची नोट ४० वर्षे जपून दहा रुपयांना विकली, तर वाढ दहा पट दिसते. वर्षाच्या हिशेबात ती सहा टक्क्यांच्याही किंचित खाली भरते. बँकेतील मुदत ठेवीनेही त्या काळात याहून कमी दिले नसते.

मग किंमत कशावर ठरते?

तीन गोष्टींवर : त्या प्रकारातील किती नाणी आज शिल्लक आहेत, हातातले नाणे किती चांगल्या अवस्थेत आहे आणि ते हवे असणारे संग्राहक किती आहेत. यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी नाण्यावरचे साल आणि टाकसाळीची खूण पाहावी लागते. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली साधारणपणे मुंबई टाकसाळीची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची तारा आणि नोएडाची ठिपका अशी असते. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. एकाच सालाच्या एकाच मूल्याच्या नाण्यांत एखाद्या टाकसाळीची संख्या कमी असेल, तर भावात फरक पडतो.

सालाचे महत्त्व दाखवणारी दोन उदाहरणे नाणेसंग्राहकांत प्रसिद्ध आहेत. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या पोशाखावरील पदकातला हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली. ती नाणी मागे घेण्यात आली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारले गेले. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया त्या मालिकेत अतिशय दुर्मीळ मानला जातो. दिसायला अगदी तसाच असलेला दुसऱ्या सालाचा रुपया मात्र चांदीच्या भावाच्या आसपास जातो. अर्थात दुर्मीळ सालांची बनावट नाणीही बाजारात येतात, म्हणून केवळ साल वाचून हुरळून जाणे योग्य नाही.

शिवकालीन नाण्यांबाबत ही खबरदारी अधिक गरजेची आहे. तांब्याच्या शिवराई दीर्घकाळ आणि अनेक प्रकारांत पाडल्या गेल्या, त्यामुळे साध्या, झिजलेल्या शिवराईला मर्यादित किंमत येते. सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ आहे आणि त्याच्या प्रतिकृती मात्र भरपूर आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि राम-सीता किंवा हनुमानाचे चित्र असलेले ‘एक आणा’ तर खरे चलन नव्हतेच. कंपनीने अशी नाणी पाडली नव्हती. त्यात दैवी शक्ती आहे, ते तांदूळ ओढून घेते, असे सांगून कोणी मोठी रक्कम देऊ करत असेल, तर ते ‘राइस पुलर’ नावाने ओळखले जाणारे जुने फसवणुकीचे तंत्र आहे.

अवस्था ही दुसरी बाजू विकणाऱ्याच्या हातात असते आणि नेमकी तिथेच अनेकांची चूक होते. विकण्यापूर्वी नाणे चिंच, राख किंवा भांडी चमकवायच्या पावडरीने घासले जाते. त्यामुळे पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात, वर्षांनुवर्षे चढलेली नैसर्गिक झाक जाते आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत घटते. नाणे आहे तसे ठेवावे, कडेने धरावे आणि एकेक वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे. नोटेला इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये.

लक्ष्मीपूजनाच्या चांदीच्या रुपयाचे गणित वेगळे का?

या नाण्याला धातूचा आधार असतो. एकोणिसाव्या शतकापासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिशकालीन राणीछाप आणि राजाछाप रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम होते आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती. म्हणजे न झिजलेल्या नाण्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. चांदीचा भाव किलोला एक लाख रुपये धरला, तर जुन्या रुपयात सुमारे १,०७० रुपयांची आणि १९४० नंतरच्या रुपयात सुमारे ५८० रुपयांची चांदी असते. भाव बदलला की हा आकडा त्याच प्रमाणात बदलतो.

चांदीने २०२५ मध्ये किलोमागे एक लाखाचा टप्पा ओलांडून आणखी मजल मारल्यानंतर असे रुपये विकावेत का, हा प्रश्न अनेक घरांत आला. इथे दोन पायऱ्यांत विचार करणे सोयीचे ठरते. आधी साल, टाकसाळ आणि अवस्था पाहून नाणे सामान्य की दुर्मीळ हे ठरवायचे. सामान्य निघाले तर ते प्रत्यक्षात चांदीच आहे आणि त्या दिवशीच्या भावाने, वजन करून विकता येते. दुर्मीळ निघाले तर ते सराफाच्या तराजूत घालू नये, कारण मोडीत एकदा वितळलेले नाणे परत मिळत नाही.

टाकसाळीचे संच आणि ‘पुन्हा काढण्याचा’ धोका काय?

आता काही जण गुंतवणूक म्हणून स्मारक नाण्यांचे संच घेतात. सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या टाकसाळी विशेष प्रसंगी असे संच काढतात. रिझर्व्ह बँकेच्या ९० वर्षांनिमित्त २०२४ मध्ये आलेले ९० रुपयांचे चांदीचे नाणे हे त्याचे अलीकडचे उदाहरण. नोंदणीची मुदत संपली की तो संच टाकसाळीकडून मिळणे थांबते आणि दुय्यम बाजार सुरू होतो. तिथे मूळ वेष्टन, माहितीपत्रक आणि पावती शाबूत असलेल्या संचाला मागणी असते. वेष्टन फोडलेला संच सुट्या नाण्यांच्या भावाकडे घसरतो.

बंद झालेल्या संचांच्या बाजाराचा सर्वाधिक अभ्यास खेळण्यांच्या क्षेत्रात झाला आहे. मॉस्कोतील हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील लेगोच्या २,३२२ संचांच्या किमती तपासल्या. सरासरी वार्षिक परतावा सुमारे ११ टक्के निघाला. भाव साधारणपणे उत्पादन थांबल्यानंतर दोन-तीन वर्षांनी चढू लागतात, असेही दिसले. मात्र सरासरीमागे मोठी तफावत होती. काही संचांनी वर्षाला निम्मी किंमत गमावली, तर मोजक्यांनी ६०० टक्क्यांपर्यंत कमावली.

त्याच क्षेत्रात ताजमहालचे उदाहरण बोलके आहे. लेगोने २००८ मध्ये ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल काढला. तो बंद झाल्यावर त्याची किंमत मूळच्या कित्येक पट झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जवळपास तसाच संच पुन्हा बाजारात आणला आणि चढ्या भावाने जुना संच धरून बसलेल्यांचा हिशेब कोसळला. टंचाई निर्माण करणाऱ्याच्या हातातच ती संपवण्याची किल्लीही असते. भारतीय चलनातही हे घडले आहे. एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली आणि मार्च २०१५ मध्ये ती पुन्हा आली. जुन्या सह्यांच्या नोटांना संग्राहक आजही वेगळे मानतात, पण ‘एक रुपयाची नोट आता मिळणारच नाही’ हा विक्रीचा मुद्दा तेव्हाच संपला.

मग विकायचे कधी?

सोयाबीन घरात ठेवणाऱ्याला पुढच्या हंगामाची चिंता असते. नवी आवक आली की भाव दबतो, शिवाय ओल आणि किडीची भीती असते. नाणे कुजत नाही, त्यामुळे घाई करण्याचे कारण सहसा नसते. हाच विकणाऱ्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. ‘आजच्या आज कळवा’ असा तगादा लावणारा खरेदीदार हा फायदा काढून घेत असतो.

ढोबळमानाने चार गट करता येतात. चलनात असलेली किंवा भरपूर प्रमाणात उपलब्ध नाणी विकण्यासाठी वाट पाहण्यात अर्थ नाही आणि खटाटोपातही फारसा नाही. टपालखर्चच किमतीपेक्षा जास्त होतो. सामान्य चांदीची नाणी विकायची वेळ घरातील गरज आणि चांदीचा भाव ठरवतो. स्मारक संच घेतल्यानंतर लगेच विकण्याऐवजी बाजारातील साठा कमी होईपर्यंत थांबणे बरे, पण त्यासारखाच नवा संच येण्याची चिन्हे दिसली तर आधी विकणे शहाणपणाचे. चौथा गट दुर्मीळ नाण्यांचा. त्यांची ओळख पक्की होईपर्यंत कोणतीही विक्री करू नये, कारण तोपर्यंत भाव ठरवण्याची ताकद फक्त समोरच्याकडे असते.

कुठे आणि कसे विकावे?

पहिले काम किंमत शोधण्याचे. ऑनलाइन दिसणारा आकडा हा बहुतेकदा कोणीतरी मागितलेला भाव असतो. तो कोणी दिलेला असेलच असे नाही. त्याऐवजी लिलावगृहांच्या मागील निकालांतील प्रत्यक्ष विक्रीच्या किमती पाहाव्यात. मुंबईतील तोडीवाला ऑक्शन्स, बंगळूरुतील मरुधर आर्ट्स यांसारख्या संस्थांचे नाण्यांचे लिलाव होतात. दुर्मीळ नाण्यासाठी हा मार्ग योग्य असतो. तिथे विक्रेत्याचे कमिशन विक्रीच्या रकमेतून वजा होते, त्यामुळे ते किती आणि किमान किंमत ठरवता येते का, हे लेखी घ्यावे.

खरे नाणे कसे दिसते हे पाहण्यासाठी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे अजब बंगला आणि मुंबईतील फोर्ट भागातले रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय उपयोगी पडते. नाशिकजवळच्या अंजनेरीत १९८० पासून नाणकशास्त्राच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे. या संस्था नाण्यांचे दलाल नाहीत, पण ओळख पटवण्याची दृष्टी तिथे मिळते.

थेट ऑनलाइन विक्री करायची असल्यास दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र, वजन आणि व्यास द्यावा. सर्व नाण्यांचा साठा एकाच छायाचित्रात आणि घराच्या पत्त्यासह टाकू नये. पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री बँकेच्या अ‍ॅपमध्ये करावी, समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. टपालाने पाठवताना पाकीट विमा उतरवूनच पाठवावे.

कायदा काय सांगतो?

बाद झालेल्या जुन्या ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटांबाबत २०१७ चा कायदा आहे. अशा दहापेक्षा अधिक नोटा जवळ ठेवण्यास बंदी असून अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. उल्लंघन झाल्यास दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाच पट, यांपैकी जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. १९ मे २०२३ रोजी मागे घेतलेली दोन हजारांची नोट मात्र वैध चलन आहे. ती कमी किमतीत कोणाला विकण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत ती बदलण्याची सोय ठेवण्यात आली असून त्यात नागपूर आहे. समृद्धी महामार्गामुळे शेलूबाजारहून नागपूर गाठणे सोपे झाले आहे आणि टपालाने नोटा पाठवून रक्कम खात्यात घेण्याचीही सोय आहे.

शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरू शकते. असे नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशी संकेतस्थळावर ते विकणे गुन्हा ठरू शकतो. त्यांची विक्री व्यवसाय म्हणून करण्यासाठी परवाना लागतो.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म, त्यामुळे या परिसरात हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. पायाच्या खोदकामात किंवा नांगरटीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कैदेची तरतूद आहे. कळवणाऱ्याच्या हक्काचा विचारही या कायद्यात आहे. सरकारने ठेवा घेतल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते.

प्राप्तिकराबाबतही एक गैरसमज आहे. वैयक्तिक वापराच्या वस्तू विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, म्हणून पूजेतली नाणीही त्यात येतात असे अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एका माजी संस्थानिकाच्या प्रकरणात लक्ष्मीपूजनात ठेवली जाणारी चांदीची नाणी वैयक्तिक वापराची वस्तू मानण्यास नकार दिला. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असलेल्या अशा मालमत्तेवरील नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. वडिलोपार्जित नाण्यासाठी १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते. विक्री लाखांच्या घरात असेल तर सल्लागाराला विचारून आणि पावती घेऊनच व्यवहार करावा.

फसवणूक झाली तर?

पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे असतात. १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत वळण्याआधी ते रोखले जाण्याची शक्यता तेव्हाच असते. संभाषण, पैसे पाठवल्याचे क्रमांक आणि समोरच्याचे दूरध्वनी क्रमांक पुसू नयेत. अनेक जण लाजेपोटी तक्रार टाळतात आणि मग तोच संदेश गावातल्या पुढच्या घरी जातो.